मामांनी सांगितलेला शेवट

मी पहिला मोठा सिनेमा ऐकला तो सायकलच्या कॅरिअरवर बसून. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की वडील मला बालाघाटला वारासिवनीच्या बसमध्ये बसवून द्यायचे, कंडक्टरला दोनदा बजावायचे, आणि तिकडे स्टँडवर मामा सायकल धरून उभे असायचे. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. रामपायलीला त्यांची धानाची शेती. शिक्षण सातवीपर्यंत. वारासिवनीहून रामपायलीपर्यंत सायकलनं तास-सव्वा तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात मामा मला एक सिनेमा सांगायचे. दर वर्षी तोच. मीच तो मागायची.

सिनेमा एका नावाड्याचा होता. त्याची एकुलती एक मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून नदीपलीकडच्या गावात गेलेली. तेव्हापासून तो साऱ्या मुलुखाला पार नेऊन सोडतो, पण मुलीच्या घरच्या कुणाला डोंग्यात, आपल्या होडीत, पाय ठेवू देत नाही. मग नदीवर पूल बांधायला घेतात. मामा त्या पुलाचा एकेक खांब सांगायचे. हात सोडून दाखवायला लागले की सायकल डोलायची आणि मी त्यांचा सदरा घट्ट धरायची.

शेवटी पूल तयार होतो. अख्खं गाव त्यावरून चालत जातं. मुलगीही येते, अन् पुलाच्या मधोमध थांबते. खाली डोंग्यात बाप एकटा. तो वर न बघता म्हणतो, "ऊन लागून राह्यलं असन पायाले. खाली ये." ती खाली उतरते, डोंग्यात बसते. बाप तिला पुलाखालून पार नेतो. वरून जाणाऱ्या कुणाचंच तिकडे लक्ष नसतं.

नावाडी आमच्या बोलीत बोलतो यात मला काही वावगं वाटलं नाही. सिनेमे आमच्यासारखेच बोलत असतील अशी माझी समजूत होती. मामा इथवर आले की थोडा वेळ नुसते पायडल मारायचे, आणि मग गावच्या मंदिराकडे बोट दाखवून म्हणायचे, "आलं वं गाव."

मला सिनेमाचं वेड लागलं ते तिथून. पुढं मी बालाघाटच्याच एका कॉलेजात लायब्ररीत लागले. गावातल्या थिएटरात जे लागेल ते पाहिलं, मग सीड्या आणून पाहिले, मग कॉम्प्युटरवर, फोनवर. जुने, काळे-पांढरे, ज्यांचं नाव मोठे लोक आदरानं घेतात असे सिनेमे मी शोधून शोधून पाहिले. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार माझे होते. असंच शोधताना एक दिवस मला तो नावाड्याचा सिनेमा सापडला. छत्तिसावं वर्ष असेल माझं. दुपारी दार लावून मी तो लावला.

पूल तयार झाला. मुलगी पुलावरून आली. कडेवर मूल, हातात पिशवी. ती बाजाराला निघाली होती. तिनं खाली पाहिलंच नाही. बापानं डोंग्याची दोरी सोडली, डोंगा पाण्यात ढकलून दिला आणि काठावर उभा राहिला. नंतर बराच वेळ पडद्यावर फक्त पाणी.

मी बसूनच राहिले. लोक या सिनेमाला थोर का म्हणतात ते कळलं. आणि मामांचा शेवट आठवून थोडं हसूही आलं. तरुणपणी कधीतरी पाहिलेला, विसरले असतील, किंवा लहान पोरगी रडू नये म्हणून गोड करून सांगितला असेल, असं वाटलं. मामांना मी त्याबद्दल काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी एका ऑनलाइन गटात गेले. जुन्या चांगल्या सिनेमांबद्दल मराठीत लिहिणाऱ्या लोकांचा गट. पुण्यामुंबईचे, परदेशातले, बरेचसे प्राध्यापक, काही सिनेमाच्या धंद्यातलेच. बालाघाटात माझ्याशी या विषयावर बोलणारं कुणी नव्हतं. मैत्रिणींची मुलं मराठी समजायची पण बोलायची हिंदी. गटात मात्र मी एखाद्या दृश्यातल्या उजेडाबद्दल चार ओळी लिहिल्या की दिवसभर चर्चा चालायची. मी पहिल्या दिवसापासून तिथं पुस्तकी मराठी लिहिली. 'मले' आणि 'तुले' मी दाराबाहेर ठेवले. कुणी विचारलं तर मी नागपूरकडची असं सांगायची, कारण बालाघाट म्हटलं की लोक विचारायचे, "तिथं मराठी बोलतात?" वर्षभरात मला गटाच्या संचालकांमध्ये घेतलं. नवे सभासद आत घ्यायचे, भांडणं सोडवायची, कुणी चुकीचं लिहिलं तर दुरुस्त करायचं, अशी कामं. सगळे मला मॅडम म्हणायचे. कॉलेजातही म्हणायचे, पण तो मॅडम वेगळा आणि हा वेगळा.

एका दिवाळीत रामपायलीला गेले असताना मी मामांना फोन दाखवला. "हे पाहा, एवढे लोक वाचतात मी लिहिलेलं."

मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. बोटानं वर-खाली केलं. मग म्हणाले, "याच्यात मले बी येता येते काय?"

"तिथं फार अभ्यासाचं असते, मामा," मी म्हटलं. "तुमाले बोर होईन."

"हौ," मामा म्हणाले आणि फोन परत दिला.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं गटात एक नवी पोस्ट आली. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी 'किसान भाई' असं होतं आणि फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. आत घ्यायच्या नावांच्या रांगेत तेही होतं आणि मीच न बघता होकार देऊन मोकळी झाले होते. पोस्ट लांबलचक होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. फोनपुढं बोलत गेलेलं फोननं लिहून घेतलं होतं, त्यामुळे शब्द कुठल्या कुठं गेले होते. पहिली ओळ अशी होती: 'एक नदी होती त्या नदीवर एक नावडी होता'. नावाडीचा नावडी झाला होता. पुढं जिथं जिथं डोंगा यायला हवा होता तिथं फोननं दंगा लिहिलं होतं. 'बाप दंग्यात एकटा बसून राह्यला'. 'पोरगी दंग्यात बसली'. आणि शेवटी, 'ऊन लागून राह्यलं असन पायाले खाली ये'.

ती ओळ वाचायच्या कितीतरी आधी, पहिल्याच ओळीला, मी मामांना ओळखलं होतं.

मी लायब्ररीत होते. दुपारची वेळ, दोन मुली कोपऱ्यात वाचत बसलेल्या. मला पहिल्यांदा हसू आलं, कौतुकाचं. म्हटलं, म्हाताऱ्यानं शोधून काढलं शेवटी. काय लिहावं याचा विचार करेपर्यंत खाली लोकांचं लिहिणं सुरू झालं.

एकानं लिहिलं, 'हा सिनेमा नक्की कोणत्या ग्रहावर प्रदर्शित झाला होता?' दुसऱ्यानं, 'दंग्यात बसून नदी पार करण्याची कल्पना अभिनव आहे.' तिसऱ्यानं दंग्याचं एक चित्रच टाकलं, त्यावर होडीचं वल्हं. एका बाईंनी विचारलं, 'ही भाषा कोणती?' त्यावर कुणीतरी, 'भाषा नाही, अपघात.' मग एक ज्येष्ठ सभासद आले, ज्यांचं लिहिणं मी कापून ठेवावं इतकं मला आवडायचं. त्यांनी लिहिलं, 'या चित्रपटाचा शेवट हा आपल्या सिनेमातल्या सर्वश्रेष्ठ शेवटांपैकी एक आहे. त्याची अशी विटंबना खपवून घेऊ नये. मॅडम, आपला या चित्रपटाचा अभ्यास आहे, आपणच सांगावं.'

आता सगळे माझी वाट पाहू लागले. मला एवढंच लिहायचं होतं की हे माझे मामा आहेत. किंवा तेही नको, नुसतं की ही भाषा माझी आहे. मी टाइप करायला घेतलं आणि थांबले. नागपूरकडची म्हणून सांगितलेलं, दोन वर्षं जपलेली भाषा, ज्येष्ठांनी सगळ्यांदेखत घेतलेलं नाव, हे सगळं डोळ्यांपुढं आलं. मग मी हे लिहिलं, आणि ते मला आजही तोंडपाठ आहे: 'आपली काहीतरी गफलत होत आहे. चित्रपटाचा शेवट असा नाही. सोबत शेवटच्या दृश्याची लिंक देत आहे. यापुढे कृपया खात्री करून लिहावे, ही विनंती.'

सौम्य भाषेत लिहिलं, असं मी मनाशी म्हटलं. लोकांनी अंगठे आणि हसरे चेहरे ठेवले. ज्येष्ठांनी लिहिलं, 'धन्यवाद. नेमकं.' संध्याकाळी किसान भाईंनी माझ्या त्या ओळींखाली नुसते जोडलेले हात ठेवले. त्यांचं ते एकच उत्तर. दोन दिवस दंग्यावरचे विनोद चालले. मी विनोद करणाऱ्यांना थांबवू शकत होते, ते माझं कामच होतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर गुलाबाचं फूल गटातून गेलेलं होतं.

पुढच्या वेळी रामपायलीला जाताना मामा काय म्हणतील हेच मनात होतं. पण मामांनी नेहमीसारखं पाणी दिलं, मामींना चहा टाकायला सांगितलं, कॉलेजचं विचारलं. त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. त्यांना वाईट वाटलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि सुटल्यासारखं वाटून दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या. एक गोष्ट मात्र परत येताना लक्षात आली. मी गेले की ते विचारायचे, "मंग, काय पाह्यलं यावेळी?" ते त्यांनी विचारलं नव्हतं. त्यानंतरही कधी विचारलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग गेल्या उन्हाळ्यात वारासिवनीला नात्यातलं एक लग्न होतं. जेवायला माझ्या शेजारी रामपायलीचे एक म्हातारे गृहस्थ बसले. मामांच्या वयाचे, त्यांच्याच आळीतले. मी कोण ते कळल्यावर ते म्हणाले, "त्याची भाची व्हय तू? तुह्या मामानं आमाले सिनेमाचा शेवट सांगतला होता, मालूम आहे काय तुले?"

"कोनता सिनेमा?" मी विचारलं, पण कळलं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या तरुणपणी रामपायलीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. नावाड्याचा. सगळं गाव बसलेलं. पूल तयार झाला आणि पडदा पांढरा पडला. मशीनवाला बाहेर येऊन म्हणाला, शेवटचं रीळ पेटीत आलंच नाही. लोक खवळले. कुणी चपला फेकल्या, कुणी तंबूचे दोर सोडायला धावले. तेव्हा मामा उठले. वीस-बावीस वर्षांचे असतील. पांढऱ्या पडद्यापुढं उभे राहून म्हणाले, "बसा. म्या नागपुरात पाह्यला आहे. मी सांगतो."

"नागपूर तं त्यानं नकाशातबी पाह्यलं नव्हतं," म्हातारे म्हणाले. "पन सांगतलं. आमी चूप बसून ऐकलं. बाया रडल्या."

मग ते पानातल्या भाताशी थोडा वेळ चाळा करत राहिले. "माही मोठी बहीन होती. बापाले न सांगता तिनं नदीपारच्या गावात लगन केलतं. चार वर्स बापानं तिचं नाव घेतलं नाई. त्या दिवशी बाप समोरच बसला होता. तुह्या मामानं त्याले पाहूनच तो शेवट सांगतला असन, मले आजबी वाटते. दुसऱ्या दिवशी बाप सकाळीच डोंग्यात बसून गेला अन् बहिनीले घेऊन आला."

मी उठून हात धुतले.

पुढच्याच रविवारी मी रामपायलीला गेले. मामा ओसरीवर दोरी वळत बसले होते. मामी आत होत्या. मी समोर बसले आणि सरळच विचारलं, "मामा, तो शेवट तुमीच बनवला होता ना?"

"कोन सांगतलं?"

मी लग्नातलं सांगितलं. मामा दोरीकडे बघत हसले. "हौ. त्याच्या बापाले चांगलं वाटलं."

"मले काहून नाही सांगतलं कधी?"

"तू लहान होती. मंग तू मोठी झाली, तुले सगळंच मालूम झालं."

मी म्हटलं, "मामा, त्या गटात तुमी लिहिलं होतं."

"हौ. नातवाले म्हटलं दे लावून. म्हटलं तुले खुशी होईन." ते वळलेल्या दोरीला पीळ देत राहिले. "जाऊ दे वं. फोननं शब्दच असे लिवले का तुले वळखूच नाई आलं. आलं असतं तं तू बोलली असती. मी मामीलेबी हेच सांगतलं."

इथं मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दोन वर्षं मामांनी माझी बाजू घेतली होती, स्वतःशी आणि मामींशी. ती मी त्यांच्याकडून काढून घेतली. पण मला खरं बोलून मोकळं व्हायचं होतं, आणि मोकळं होण्याच्या घाईत समोरच्याचं काय होईल ते मी पाहिलं नाही.

"मले वळखू आलं होतं, मामा. पहिल्याच ओळीत."

त्यांचे हात थांबले. आतून मामींनी चहाला दूध घालू का म्हणून विचारलं, पण मामांनी मान वर केली नाही. मी रडत माफी मागितली. ते म्हणाले, "रडू नको," आणि पुन्हा दोरी वळायला लागले. पण पीळ उलटा पडत होता, सोडून पुन्हा धरत होते.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "एकडाव सांगा ना तो सिनेमा. तुमच्यावाला."

"नाई येत आता," मामा म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत, एखादं अवजार हरवल्याचं सांगावं तसं म्हणाले. "तू ते शेवटचं पाठवलं होतं ना. नातवानं लावून देल्लं. पाह्यलं मी. खरंच चांगलं आहे. लय मोठ्या मानसानं बनवलं असन. पन आता सांगाले गेलो का तेच डोळ्यापुढं येते. ती पोरगी खाली पाहतच नाई. मी म्हनतो पाह्य, तरी नाई पाहत."

परत आल्यावर मी गटात सगळं लिहिलं. मामा, तंबू, हरवलेलं रीळ, बहिणीला आणायला गेलेला बाप, माझं ओळखून गप्प बसणं, सगळं. मामांचं बोलणं त्यांच्याच बोलीत लिहिलं. मी बालाघाटची आहे हेही. वाटलं होतं लोक मला बोल लावतील. झालं उलटंच. लाल बदाम पडले. 'डोळे पाणावले.' 'काय ही मातीतली भाषा.' 'यावर एक लघुपट व्हायला हवा.' दंग्याचं चित्र टाकणाऱ्यानं लिहिलं, 'मामांना आमचा नमस्कार सांगा.' ज्येष्ठांनी लिहिलं की लोककथा अशाच जन्मतात. आपण काय बोललो होतो ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि जुनी पोस्ट मामांबरोबर गेली होती, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी ते लिहिलेलं मामांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पहिला प्रश्न विचारला, "माह्यं नाव तं नाई ना टाकलं?"

"नाही."

"बरं केलं." मग म्हणाले, "चांगलं लिवलं. पन एवढं लंबं कायले लिवाचं? त्या दिवशी तू नुसतं म्हटलं असतं का हौ, असाबी शेवट आहे, तं झालं असतं."

त्या जून महिन्यात मी गटाचं संचालकपद सोडलं. गट सोडला नाही, तेवढं धैर्य झालं नाही. इतकी वर्षं दुसरं माझं होतं काय? रामपायलीला जाते. मामा बोलतात, धानाचं, पाण्याचं, नातवाच्या परीक्षेचं. सिनेमाचा विषय निघाला की मामी पटकन दुसरं काहीतरी काढतात. मामींनी मला अजून माफ केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

गटात अजूनही कुणी नवखा भलतंच काही लिहून जातो, अन् लोक तुटून पडतात. मी मधे पडत नाही, पण त्या माणसाला वेगळा निरोप पाठवते. तुम्ही हा सिनेमा कुठं पाहिलात, कुणाबरोबर, एवढंच विचारते. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. त्यांना वाटत असेल, ही बाई आणखी हसायला आली आहे.